पणजोबांच्या पलीकडे

श्राद्धविधीत पिता, पितामह आणि प्रपितामह हे तिघे वसु, रुद्र व आदित्य यांच्या रूपाने नाव घेऊन बोलावले जातात आणि त्यांना पिंड मिळतो. त्यांच्या पलीकडच्या तीन पिढ्यांना धर्मशास्त्राने ‘लेपभागी’ म्हटले आहे, म्हणजे पिंड देऊन झाल्यावर हाताला जे माखलेले उरते तेवढ्याचेच ते धनी. ज्याने ही व्यवस्था लावली त्याला माणसाच्या स्मरणशक्तीची पारख फार चांगली असली पाहिजे. कारण आजही कोणत्याही मराठी घरात जाऊन घराण्याची चौकशी करावी, तर बापाचे नाव तोंडावर असते, आजोबांचे नाव थोड्या विचाराने सांगितले जाते, पणजोबांसाठी माजघरातल्या एखाद्या वृद्ध माणसाला हाक मारावी लागते, आणि त्यापलीकडे सारेच लेपभागी होतात. त्यांची नावे गेलेली असतात. पण ‘आम्ही मूळचे तळकोकणातले’, ‘तिघे भाऊ एका रात्रीत घाट चढून आले’, ‘पूर्वी आडनाव निराळे होते’ असे काहीतरी हाताला माखल्यासारखे मागे राहिलेले असते.

या लेपावरून मूळ पुरुषापर्यंत पोचण्याची साधने आपल्याकडे कोणती आहेत आणि त्यांतले कोणते किती विश्वासाचे, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महाराष्ट्रात घराण्याची हकीकत लिहून ठेवण्याची प्रेरणा निखळ जिज्ञासेतून क्वचितच आली. वतन राखायचे होते, इनाम सिद्ध करायचे होते, तंटा जिंकायचा होता, पितरांना पाणी द्यायचे होते किंवा अलीकडच्या काळात दाखला मिळवायचा होता, म्हणून माणसे आपले पूर्वज कागदावर आणीत गेली. तेव्हा कागदातल्या नावांकडे वळण्यापूर्वी तो कोणी, कोणापुढे आणि काय पदरात पाडून घेण्यासाठी लिहिला, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. ही दक्षता न घेतल्यामुळे पुष्कळ वंशवृक्ष कागदावर बहरलेले आणि मुळाशी पोकळ असे झालेले आहेत.

वतनाच्या तंट्यातून निर्माण झालेले वाङ्मय या दृष्टीने सर्वांत समृद्ध. देशमुखी, पाटीलकी, कुळकर्ण, जोशीपण यांपैकी कशावरही दोन शाखांचा वाद पडला की वादी-प्रतिवादी गोतापुढे किंवा हुजूर उभे राहत, आपापला करीना लिहून देत, म्हणजे मूळ पुरुषाने वतन कसे संपादिले येथपासून आजतागायतची पिढीजाद हकीकत सांगत. मग साक्षी होत, कधी रव्याचे दिव्य होई, आणि शेवटी महजर म्हणजे सभेचे निवाडापत्र होऊन त्यावर पाटील, बलुतेदार, शेटे-महाजन यांच्या निशाण्या पडत. नांगर हे कुणब्याचे, वाकस सुताराचे, धोकटी न्हाव्याची. अक्षर न येणाऱ्याची ही सही, पण तिच्यामुळे गावातील कोणकोणती घराणी त्या साली नांदत होती याचा पुरावा आपोआप तयार झाला. करीना मात्र जिंकण्यासाठी लिहिलेला असतो. त्यात आपला पूर्वज नेहमी वडीलकीचा, दुसऱ्याचा धाकटा किंवा बाहेरून येऊन वतनात शिरलेला. एकाच तंट्यातले दोन्ही पक्षांचे करीने शेजारी ठेवून वाचावेत; जेथे दोघांचे एकमत होते तेवढी दोन-चार वाक्ये सोन्याच्या मोलाची, बाकीचे वकिली.

घराण्याच्या रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, काय दडलेले असू शकते याचे उत्तम उदाहरण कारीच्या जेध्यांचे. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली जेधे शकावली ही एका देशमुख घराण्याने जपलेल्या टिपणांची वही. परंतु शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा जो वाद पुढे कित्येक वर्षे चालला, त्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेच्या बाजूने सर्वांत जड पारडे तिनेच टाकले. राष्ट्राच्या इतिहासाला आधार देणारी ही वही एका वाड्यात पडून होती, यावरून अशा किती वह्या चुलीत, उधईच्या मुखी किंवा भिंतीच्या ओलीत गेल्या असतील याची कल्पना करावी. वि. का. राजवाडे १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः छापू लागले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यामुळे बरेच कागद वाचले. राजवाड्यांनीच १९२४ साली संपादिलेली महिकावतीची बखर उत्तर कोकणातल्या अनेक ज्ञातींना आपल्या स्थलांतराचा आधारग्रंथ वाटते. पण बखरीत मूळ कथा किती आणि नंतर तिला चिकटलेले किती, हे निवडण्याचे काम भाविकाने करावे असे नव्हे.

दगडावर कोरलेले म्हणून खरे, हीही समजूत सोडून दिली पाहिजे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचे वंशचरित्र मराठीत कोरवून घेतले. इतका दीर्घ शिलालेख दुसरा क्वचितच आढळेल. त्यातला मजकूर इतर साधनांशी ठिकठिकाणी जुळत नाही, आणि ते साहजिकच आहे, कारण राज्य जवळजवळ हातचे गेलेला राजा कोरवून घेत होता तो आपल्या कुळाचा मान. भोसल्यांच्या मूळ पुरुषासंबंधी मेवाडच्या सिसोदियांशी नाते जोडणारी परंपरा शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी पुढे आली, उलट रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात त्या घराण्याच्या कुलदैवताचा माग काढीत दक्षिणेकडे, होयसळांकडे बोट दाखविले. ढेऱ्यांचे अनुमान सर्वांना मान्य झाले असे नाही. मला त्यांची पद्धत त्यांच्या निष्कर्षाहून अधिक मोलाची वाटते, आणि तिच्याकडे पुढे वळावेच लागणार आहे.

कंपनी सरकारच्या राजवटीत पूर्वजांना एक नवा परीक्षक मिळाला. इनामे कोणत्या अधिकाराने उपभोगिली जातात याची चौकशी करण्यासाठी इनाम कमिशन बसले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला दात आले. इनामदाराने सनद दाखवावी, मूळ इनाम मिळविणाऱ्यापासून आपल्यापर्यंतचा वंश सिद्ध करावा, आणि पेशव्यांच्या दप्तरातील नोंदींशी त्याची रुजुवात व्हावी, असा हा व्यवहार होता. त्याच्यामुळे दक्षिणेत जो असंतोष माजला त्याचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहे. कुळशोधकाच्या पदरात मात्र त्या जुलमातून एक अनपेक्षित लाभ पडला. हजारो घराण्यांच्या तकरीरी, वंशावळी आणि सनदांच्या नकला एकत्र गोळा झाल्या. बनावट सनदाही त्यांत आल्याच. शाई जुनी दिसावी म्हणून कागद धुरावर धरण्याचे कसब त्या काळी अज्ञात नव्हते. पुण्याच्या पेशवे दप्तरात बांधून ठेवलेल्या हजारो रुमालांपैकी फारच थोडा भाग गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर निवडून पंचेचाळीस भागांत छापला; राहिलेल्या गाठी अजून ज्याची त्याने सोडावयाच्या आहेत.

आणि त्या सोडायच्या तर मोडी यावी लागते. मोडी येणे म्हणजे अक्षरे ओळखणे एवढेच नव्हे. कागदाच्या माथ्यावर ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते; अरबी अंकांची बेरीज केली तर एक, सत्तर, शंभर आणि एक हजार मिळून अकराशे एकाहत्तर होतात, आणि या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की १७७०-७१ हे इसवी साल येते. सालाचा आरंभ मृगाला होत असल्यामुळे कागद पावसाळ्याच्या अलीकडचा की पलीकडचा हे ठाऊक नसेल तर एक वर्षाची चूक ठरलेली. शेजारच्या निजामी मुलखातून आलेल्या कागदावर फसली सन असतो आणि त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. ब्राह्मणाच्या घरातल्या टिपणात शक असतो आणि त्यात ७८ किंवा ७९. फसली आणि शुहूर यांची अदलाबदल करून नातवाला आजोबाच्या आधी मारणारे वंशवृक्ष मी छापील स्वरूपात पाहिले आहेत. त्यात भर नाव ठेवण्याच्या रिवाजाची. नातवाला आजोबांचे नाव द्यायचे, म्हणून केशव रामचंद्र, रामचंद्र केशव, पुन्हा केशव रामचंद्र अशी साखळी चालते. कागदात ‘केशव रामचंद्र’ दिसला की तो कोणता केशव हे साल पक्के झाल्यावाचून सांगता येत नाही, आणि पिढ्या सांगणारी माणसे अशा ठिकाणी दोन केशवांचा एक करून मधल्या दोन पिढ्या गिळून टाकतात.

गावपातळीचे दप्तर यापेक्षा रूक्ष, पण अधिक प्रामाणिक. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या पद्धतीच्या मोजणीला हात घातला, ती पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली आणि प्रत्येक शेताला नंबर व त्या नंबराला खातेदार मिळाला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यावर तर मृत्यू, वाटणी, खरेदी, गहाण या सर्वांना फेरफाराचा क्रमांक पडू लागला. सातबारा सर्वांना ठाऊक असतो. पण घराण्याचा शोध घेणाऱ्याने सातबाऱ्यावर न थांबता त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफाराचे आकडे टिपून घेऊन नमुना सहाची पुस्तके मागावीत, कारण ‘खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, विधवा एक, मुली दोन’ असे वाक्य तेथे मिळते. वारसांची नोंदवही सहा-क ही आणखी निराळी. या कागदांना घराण्याच्या कीर्तीशी काही देणेघेणे नाही. त्यांना सारा वसूल करायचा आहे, आणि म्हणूनच ते फारसे खोटे बोलत नाहीत. लपवतात मात्र. बहिणीने हक्क ‘राजीखुशीने’ सोडला असे ज्या फेरफारात लिहिलेले असते, त्यामागची दुपार कोणत्याही नमुन्यात नोंदलेली नाही.

तीर्थक्षेत्रांतील वह्यांची गोष्ट न्यारी आहे. काशी, प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जात आल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की लिहिणारा उपाध्याय नसतो, यजमान स्वतःच्या हाताने आपले, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहितो. त्यामुळे पूर्वजाचे नाव आणि त्याचे हस्ताक्षर अशी दुहेरी प्राप्ती होते. हा लेखही हेतूवाचून नाही, यजमान कोणाचा हे उपाध्यायांच्या आपसातल्या भांडणात सिद्ध व्हावे म्हणून तो घेतला जातो. परंतु यजमानाला त्यात खोटे बोलून काही मिळवायचे नसते, आणि या साधनाचे सारे बळ या एका गोष्टीत आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण करण्यासाठी अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्रीय संस्थेने १९७० नंतरच्या दशकात माणसे पाठविली.

त्र्यंबकेश्वरी मी प्रथम गेलो तेव्हा मोठ्या दिमाखाने आडनाव सांगितले. वृद्ध उपाध्यायांनी मान हलविली. “आडनाव राहू द्या हो. गाव सांगा. आत्ताचं नको, आजोबांच्या आजोबांचं.” मी आजीकडून ऐकलेले गाव सांगितले आणि लाल फडक्यात बांधलेली आडवी वही बाहेर आली. आमच्या आजीच्या कथेत घाट चढून आलेले भाऊ तीन होते, त्यांपैकी एक वाटेत राहिला, दोघे पुढे आले, असे ती शपथेवर सांगे. वहीत भाऊ चार निघाले. चौथ्याच्या नावापुढे ‘दत्तक दिला’ एवढेच दोन शब्द होते. दुसऱ्या गोत्रात गेलेला मुलगा जन्मदात्यांच्या पिंडाचा अधिकारी राहत नाही. घरातून गेला तसा तो कथेतूनही गेला, आणि दीडशे वर्षे आजी-पणजींनी तिघांचीच गोष्ट सांगितली. आजीचे सांगणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. धर्मशास्त्राच्या हिशेबाने भाऊ तीनच होते. दत्तकविधान हे मराठी वंशावळीतले सर्वांत मोठे वळण आहे. कागदावर रक्त सरळ वाहताना दिसते आणि प्रत्यक्षात ते निपुत्रिकाच्या उंबरठ्यापाशी कित्येकदा दुसऱ्याच घरातून आलेले असते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ज्यांनी वहीची जागा मुखाने भरून काढली त्या हेळव्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्याय होईल. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या टापूत सुगीनंतर नंदीवर बसून हेळवी दारात येतो, घंटा वाजवितो आणि त्या घराची वंशावळ मूळ पुरुषापासून म्हणू लागतो: कोणत्या गावाहून उठले, कोणती शाखा कोठे बसली, कुलदैवत कोणते. शेवटी घरात नव्याने जन्मलेल्यांची नावे विचारून घेतो आणि धान्य घेऊन जातो. लिंगायत, मराठे, धनगर यांच्या कितीतरी कुळांना दुसरे दप्तर नाही. दान देणाऱ्याचा पूर्वज सामान्य असून चालत नाही, हे हेळव्याला पक्के ठाऊक असते. म्हणून त्याच्या कथेच्या आरंभाकडे जरा सबुरीने पाहावे. पण मधल्या पिढ्या आणि शाखांची गावे यांबाबत त्याचा शब्द मी पुष्कळ छापील ग्रंथांच्या वर ठेवीन.

छापील ग्रंथ म्हणजे कुळवृत्तांत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्पावनांतील अनेक आडनावांचे जाडजूड कुळवृत्तांत निघाले, आणि पुढे इतर ज्ञातींनीही तो कित्ता गिरविला. चौदा गोत्रे आणि मूळची साठ आडनावे अशी आखीव चौकट हाताशी असल्यामुळे, आणि घरोघर लिहिणारे, पोस्टाने उत्तर पाठविणारे लोक असल्यामुळे, हे कार्य त्यांना जमले. प्रत्येक पुरुषाचा जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, पत्नीचे माहेर, अपत्ये असा क्रम. समाजशास्त्रज्ञाला याहून अधिक विश्वसनीय कच्चा माल मिळणे कठीण. पण या ग्रंथांनी एक भ्रमही रूढ केला. ज्यांचा कुळवृत्तांत आहे त्यांनाच कुळ आहे, असे वाचणाऱ्याला नकळत वाटू लागते. शिवाय आडनावाच्या पायावर इमारत उभी करणे हे मुळातच धोक्याचे. देशपांडे, कुळकर्णी, देशमुख, पाटील, चिटणीस, फडणीस ही हुद्द्यांची नावे आहेत, आणि ती वेगवेगळ्या जातींत, वेगवेगळ्या गावी, एकमेकांशी काडीचाही संबंध नसताना रुजली. ‘कर’ लावलेले आडनाव पूर्वज कोणत्या गावाहून निघाला ते सांगते. त्या गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारण्याचे कोणाला कारण नव्हते. सुभेदार रामजी सकपाळांचे घराणे आंबडव्याचे म्हणून मुलाच्या नावापुढे आंबडवेकर लागले आणि शाळेच्या पटावर त्याचे आंबेडकर झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे; एका पटावरच्या एका नोंदीने घराण्याचे नाव कायमचे पालटू शकते, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

ज्यांना वतन अपमानाचे आणि सही अंगठ्याची होती, त्यांच्या पूर्वजांचा शोध कसा घ्यावा? महार वतन होते, १९५८ पर्यंत कायद्याने चालूही होते, आणि वतनाच्या कागदांत ‘नाक’ प्रत्यय लावलेली नावे मिळतात. पलटणीत गेलेल्यांची नावे लष्करी दप्तरांत मिळतात, आणि कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीतही ‘नाक’ शेवटी असणारी नावे कोरलेली आहेत. गावात जन्म-मृत्यूचे जे पुस्तक ठेवले जाई त्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. गावची खबर घेऊन चावडीवर सांगणारा पुष्कळ ठिकाणी महारच होता. साऱ्या गावाचे जन्म-मृत्यू त्याच्या तोंडून कागदावर गेले, आणि लिहिण्याची लेखणी दुसऱ्याच्या हाती राहिली. भटक्या जमातींचे तर त्याहून बिकट. चावडीच्या दप्तरात कोठे सापडलीच तर ती गुन्हेगार म्हणून, मुक्काम आणि हजेरीच्या पुस्तकांत.

नियतीची चेष्टा पाहावयाची तर मॉरिशसला जावे. १८३४ पासून करारावर उसाच्या मळ्यांत नेलेल्या सुमारे साडेचार लाख हिंदी मजुरांत मुंबई बंदरातून चढलेले मराठी लोकही होते. त्यांची नावे, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज ही सर्व रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि पुढच्या काळातल्या पुष्कळ मजुरांची छायाचित्रेसुद्धा. ज्याच्या घरी मागे त्याच्या नावाचा एक कपटाही नाही, अशा रत्नागिरीकडच्या कुणब्याचा चेहरा त्याच्या मॉरिशसमधील पणतवंडाला पाहता येतो, आणि त्याच वेळी येथे गावी राहिलेल्या इनामदाराचा चेहरा कसा होता ते कोणालाच ठाऊक नाही. गावाचे नाव मात्र कारकुनाने परक्या कानाने ऐकून लिहिलेले. ते ओळखायला कोकणची वाडी-वाडी पायाखालची पाहिजे.

गोव्यात दप्तराची शिस्त आपल्यापेक्षा जुनी. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु याच्या हाती १५९५ साली तेथले दप्तरखाने सोपविले गेले. गावकारीच्या चालीरीती त्याही आधी, १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदल्या गेल्या. गावकाराच्या वंशजाला उत्पन्नातले जोण, म्हणजे वाटा, मिळायचे, म्हणून वंशजांची नोंद ठेवणे गावालाच भाग होते. धर्मांतर झाले तरी हक्क बुडत नसे, त्यामुळे हिंदू नावाच्या बापाचा पोर्तुगीज नावाचा मुलगा अशी जोडी त्या दप्तरात मिळते आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांशी तिचा सांधा जुळवावा लागतो. देवळांच्या महाजनांच्या याद्यांचा उपयोगही तसाच. रत्नागिरीत किंवा कारवारात दहा पिढ्या काढलेल्या घराचे कुलदैवत फोंड्याकडे असले की त्यांच्या मूळ गावाचा प्रश्न अर्धा सुटतो.

येथे ढेऱ्यांच्या पद्धतीकडे परत येतो. मौखिक परंपरेत सनावळी प्रथम नष्ट होते, नंतर नावे, नंतर कारण. पण दिशा फार काळ टिकते. आपण कोणत्या देवाला नवस फेडायला जातो, लग्नात देवक कोणते, नव्या सुनेची ओटी प्रथम कोठे भरली जाते, देव्हाऱ्यात ज्यांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत असे टाक कोणाचे, ही सारी माहिती कोणी मुद्दाम जपलेली नसते, आणि मुद्दाम न जपलेली म्हणूनच ती खोटी करण्याची कोणाला गरज पडत नाही. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल ज्यूंचे उदाहरण घ्यावे. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला सात जोडपी लागली, ही त्यांची परंपरागत कथा. किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी गावांची आडनावे घेऊन तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. त्यांचा इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहिला आणि तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. सात जोडप्यांच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवावा अथवा न ठेवावा. शनिवारी थांबलेला घाणा हा मात्र कोणत्याही सनदेइतका भक्कम पुरावा होता.

बायकांच्या बाबतीत सर्व साधने एकदम अल्पभाषी होतात. लग्नात मुलीचे नाव बदलते, आडनाव बदलते, गोत्र बदलते. माहेरच्या वंशावळीत ती नसते आणि सासरच्या वंशावळीत पुष्कळदा ‘स्त्री’ अशा एका जोडाक्षरात असते. तेव्हा भटजींच्या पोथीतली सर्वपित्रीची नामावळी काढून घ्यावी. महालयाच्या तर्पणात आई, आजी, पणजी, आईचे वडील, काकू, मामी, आत्या, मावशी, बहीण, सासू यांना नावाने पाणी द्यावे लागते, म्हणून यजमानाच्या घरच्या बायकांची नावे पोथीच्या मागच्या पानावर शाईने लिहिलेली असतात. अर्थात भटजी ज्या घरी जात होते त्याच घरांपुरते.

अलीकडे या सर्व जुन्या साधनांना जी विलक्षण मागणी आली तिचे कारण उघड आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा रक्ताच्या नात्यातून दाखवावा लागतो, सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ साली नेमली गेल्यानंतर तर निजामकाळचे उर्दू कागद, नमुना चौदाची पुस्तके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, मोडीतील खासरा पत्रके तहसिलीच्या तळघरांतून वर आली, आणि ज्या मोडी वाचकाला दोन वर्षांपूर्वी कोणी चहाही विचारीत नव्हते त्याच्या दारी रांग लागली. जातीच्या रकान्यात कारकुनाने आळसाने लिहिलेल्या ‘कु’ या एका अक्षरावर आज एखाद्या मुलाचे शिक्षण अवलंबून आहे. त्या कारकुनाच्या मनात ज्ञातीचा इतिहास लिहिण्याचा विचार कधी आला नसेल. या निमित्ताने दप्तरे वाचली जात आहेत हे चांगले. पण हवी ती नोंद सापडताच पुस्तक पुन्हा फेकून दिले जाते, त्यावरच्या इतर दोनशे नावांकडे कोणी पाहत नाही, आणि हाताळणीने पाने मात्र आणखी जीर्ण होतात. दाखल्यासाठी वंश शोधणारा आणि वतनासाठी करीना लिहिणारा यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही, आणि दोघांनाही मी दोष देत नाही.

घरच्या वृद्धांना विचारताना तुमचे पणजोबा कोण, असे विचारू नये. त्याला एक ठराविक उत्तर मिळते. लग्नाची पहिली मानाची पत्रिका कोणाकडे जायची, जत्रेच्या गावी कोणाकडे उतरत होता, कोणाशी सोयरीक चालत नव्हती, आणि विशेषतः सुतक कोणाकोणाचे धरत होता, हे विचारावे. नाते विसरले जाते पण सुतक विसरले जात नाही. भाऊबंदकीची खरी हद्द त्याच्यावरून कळते. आमच्या घरी माझ्या लहानपणी दोन-तीन वर्षांनी केव्हातरी घाटाखालच्या एका गावाहून पोस्टकार्ड येई. आजोबा ते उंबऱ्याबाहेर उभे राहूनच वाचीत, घरात हाक देत, मग सर्वांची आंघोळ होई आणि दहा दिवस देवपूजा बंद राही. मेलेला आपला कोण, असे विचारले तर आजी म्हणे, “आपलाच. दहा दिवसांचा.” ते गाव वहीतल्या त्या चौथ्या भावाचे नव्हे, कारण दत्तक गेलेल्याच्या घरचे सुतक असे दहा दिवसांचे चालले नसते, वाटेत राहिलेल्या भावाचे असावे, असा माझा तर्क आहे. तो पडताळण्यासाठी ती कार्डे हवी होती. पण अशुभाचे पत्र घरात ठेवीत नाहीत. आजोबा ते वाचून झाले की तेथल्या तेथे चार तुकडे करून परसातल्या आळ्यात टाकीत.